रंगवलेल्या स्ट्रॉबेऱ्या: कशा करायच्या, कुंडीत कधी ठेवायच्या

आमच्या वाईच्या रोपवाटिकेतून स्ट्रॉबेरीची रोपं नेणाऱ्यांची जानेवारीत एकच तक्रार असते. फळ लाल झालं, उद्या तोडू म्हटलं, आणि सकाळी बघतो तर अर्धं खाल्लेलं. फळाला चोचीचा खड्डा, उरलेल्या भागावर मुंग्या. गच्चीवर आणि बाल्कनीत हे काम बहुतेक वेळा बुलबुलाचं असतं. त्यासाठीच रोपांबरोबर आम्ही स्ट्रॉबेरीसारखे रंगवलेले खडे देतो.

वेळ चुकली तर खडे वाया

पक्षी फळ हेरतो ते डोळ्यांनी. हिरव्या पानांत लाल ठिपका दिसला की तो उतरतो. खरं फळ पिकायच्या आधीच त्याला तिथे लाल दगड भेटला, दोन-चारदा चोच मारूनही काही मिळालं नाही, तर त्या कुंडीकडे तो फिरकेनासा होतो. सगळी युक्ती एवढीच.

म्हणून खडे मांडायचे ते फळं हिरवी असताना. फूल उमलल्यापासून फळ पिकायला साधारण महिना लागतो. पाकळ्या गळून हिरवी गाठ दिसली की त्याच दिवशी खडे ठेवा. ‘आधी फळं येऊ देत, मग बघू’ असं करू नका. एकदा फळाची चव लागली की पक्षी दगड बाजूला टाकून फळच शोधतो.

आमच्या वाफ्यात एक बुलबुल खड्यावर उतरताना आम्ही पाहिला. त्यानं टोकावर चोच मारली, मान तिरकी करून पाहिलं, दुसऱ्या बाजूनं मारली, मग कुंडीच्या काठावर चोच पुसली आणि उडाला. तीन दिवस असंच चाललं. चौथ्या दिवशी तो शेजारच्या झाडावर बसून होता, खाली आला नाही.

घरी करायचे तर

खडे नदीतल्यासारखे गुळगुळीत, एका बाजूला निमुळते आणि फळाएवढेच घ्या. मोठा खडा दिसायला छान दिसतो, पण उन्हात तापतो आणि रोपाला टेकला तर पान करपतं. साबणानं धुऊन दिवसभर उन्हात वाळवा. ओलसर दगडावर दिलेला रंग आठवड्यात पोपडे धरतो, हे आम्ही पहिल्या वर्षी शिकलो. आधी पांढऱ्या प्रायमरचा एक हात, मग लाल अ‍ॅक्रिलिकचे दोन. वर देठाकडे हिरवी पानं काढा. बिया काढायला टूथपिकचं टोक पिवळ्या रंगात बुडवून ठिपके द्या; ब्रशनं ते पसरतात. शेवटी बाहेरच्या वापराचं वार्निश. घरात पडून असलेला जुना ऑइलपेंट मात्र वापरू नका. १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगांत शिशाची मर्यादा दहा लाखांत ९० भाग इतकी आहे. त्याआधीच्या डब्यात किती शिसं असेल ते सांगता येत नाही, आणि हे खडे आपल्या खाण्याच्या फळाशेजारी राहणार आहेत.

एका कुंडीत तीन-चार पुरेत. खोडाच्या मध्यावर ठेवू नका, कडेला पानांच्या आडून थोडे दिसतील असे ठेवा. दर दोन-तीन दिवसांनी जागा बदला. घरात लहान मूल असेल तर खडे त्याच्या हाताला लागणार नाहीत याची काळजी घ्या. ते खरोखर खाऊ वाटतात.

कुठे उपयोग नाही

खार वासानं आणि दातानं शोधते, ती फार काळ फसत नाही. उंदीर रात्री येतो, त्याला रंगाचं काय. चिकूवर येणाऱ्या वटवाघळांचंही तेच. पेरूला कागदी किंवा कापडी पिशवी बांधा. वानरांपुढे तर कुठलाच दगड चालत नाही. अशा ठिकाणी आम्ही खडे विकत नाही, बारीक भोकांची जाळी सांगतो. जाळी चौकटीवर ताणून बसवा. सैल जाळीत पक्ष्याचे पाय अडकतात आणि तो तडफडून मरतो. बुलबुल आपल्या झाडांवरचे किडेही खातो, त्याला इजा होऊ नये असं आम्हाला मनापासून वाटतं.

फळ पूर्ण लाल झालं की ते रोपावर ठेवू नका, पहाटेच तोडा. हंगाम संपल्यावर खडे धुऊन डब्यात ठेवा. रंग उडालेले खडे पुढच्या सप्टेंबरात रोपं न्यायला याल तेव्हा सोबत आणा, आम्ही ते पुन्हा रंगवून देऊ. त्याचे पैसे घेत नाही.