शार्कचे पर किंवा मांस परदेशी पाठवायचे आहे? सायटीस परवाना, पात्रता आणि लागणारी कागदपत्रे

खोल समुद्रातल्या, म्हणजे किनाऱ्यापासून दूर खुल्या पाण्यात फिरणाऱ्या शार्कचे पर, मांस, कातडे किंवा यकृताचे तेल एका देशातून दुसऱ्या देशात पाठवायचे असेल, तर आता बहुतेक वेळा सायटीस या आंतरराष्ट्रीय कराराचा परवाना लागतो. अर्ज तसा लहानच असतो. घोडे अडते ते दोन प्रश्नांवर: मासा कायदेशीर पकडला का, आणि तो पकडल्याने त्या जातीच्या टिकण्याला धोका पोचत नाही ना? दोन्हींची उत्तरे मासा जहाजावर आला त्याच दिवशी ठरून गेलेली असतात. त्या दिवसाची नोंद लॉगबुकात नसेल तर नंतर कितीही धावपळ केली तरी उपयोग नाही.

आधी जात पाहा

सायटीस म्हणजे धोक्यातल्या वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार. तो १९७३ साली झाला आणि १९७५ पासून लागू आहे. खोल समुद्रातल्या, व्यापारात मोठ्या प्रमाणावर फिरणाऱ्या शार्क त्यात उशिराच आल्या. २०१३ च्या बँकॉक परिषदेत ओशनिक व्हाइटटिप, पोरबीगल आणि हॅमरहेडच्या म्हणजे कानमुशीच्या तीन जाती परिशिष्ट २ मध्ये, म्हणजे अटींवर व्यापार चालणाऱ्या जातींच्या यादीत घेतल्या गेल्या. अंमल १४ सप्टेंबर २०१४ पासून सुरू झाला. २०१६ मध्ये सिल्की आणि थ्रेशर, २०१९ मध्ये माकोच्या दोन्ही जाती आल्या. २०२२ च्या पनामा परिषदेने तर रिक्विएम शार्कचे उरलेले सगळे कुटुंबच यादीत घातले. त्यात ब्लू शार्कही आली. लाँगलाइनवर, म्हणजे खूप गळ लावलेल्या लांबलचक दोरीवर सगळ्यात जास्त सापडणारी शार्क हीच, त्यामुळे २५ नोव्हेंबर २०२३ पासून कागदपत्रांचे काम एकदम वाढले.

अख्खे कुटुंब का घातले, असे अनेकजण वैतागून विचारतात. वाळलेला, कापलेला पर हातात घेतला तर तो कोणत्या जातीचा हे कस्टमच्या अधिकाऱ्याला सांगता येणे अवघड असते. ओशनिक व्हाइटटिपचा पाठीवरचा पर त्यातल्या त्यात ओळखता येतो: टोक गोलसर, वल्ह्यासारखे रुंद, वर पांढरट ठिपकेदार डाग. बाकीच्या बऱ्याच जातींचे पर करडे, टोकदार आणि एकसारखे. धोक्यातल्या जातीसारख्या दिसणाऱ्या इतर जातीही यादीत घालण्याची तरतूद मूळ करारातच आहे, ती इथे वापरली गेली.

ओशनिक व्हाइटटिपबद्दल एक महत्त्वाचा बदल झाला आहे. २०२५ च्या अखेरीस समरकंदच्या परिषदेने तिला परिशिष्ट १ मध्ये नेले. परिशिष्ट १ मधल्या, निसर्गातून पकडलेल्या प्राण्याचा व्यापारी कारणासाठी आंतरराष्ट्रीय व्यवहार होत नाही. विक्रीसाठी तिचा अर्ज भरण्यात वेळ घालवू नये.

परिशिष्ट २ मध्ये आहे, तरी परवाना नाही?

असे होते, आणि अर्जदार सगळ्यात जास्त चिडतात ते इथेच. परिशिष्ट २ म्हणजे बंदी नव्हे, अटींवर व्यापार. पण टूना मासेमारीचे नियम ठरवणाऱ्या प्रादेशिक संघटनांची बंदी याशिवाय वेगळी असते. अटलांटिकसाठी इकॅट, हिंदी महासागरासाठी आयओटीसी, पश्चिम व मध्य पॅसिफिकसाठी डब्ल्यूसीपीएफसी आणि पूर्व पॅसिफिकसाठी आयएटीटीसी अशा या संघटना आहेत. त्यांच्या नियमात काही जाती जहाजावर ठेवणे, एका जहाजावरून दुसऱ्यावर चढवणे आणि बंदरात उतरवणे, तिन्ही मना आहे. मासा चुकून सापडला तर शक्य तितका इजा न करता समुद्रात सोडायचा.

इकॅटने बिगआय थ्रेशरवर २००९ मध्ये, ओशनिक व्हाइटटिप आणि बहुतेक हॅमरहेडवर २०१० मध्ये, सिल्कीवर २०११ मध्ये अशी बंदी घातली. आयओटीसीने थ्रेशरवर २०१० मध्ये आणि व्हाइटटिपवर २०१३ मध्ये. डब्ल्यूसीपीएफसीने व्हाइटटिपबद्दल २०११ मध्ये आणि सिल्कीबद्दल २०१३ मध्ये निर्णय घेतला. म्हणजे एकच सिल्की शार्क एका महासागरात पकडली तर तिचा अर्ज विचारात तरी घेतला जाईल, दुसऱ्या महासागरात पकडली तर पहिल्याच प्रश्नावर फेटाळला जाईल.

काही नियम वर्षापुरतेही असतात. उत्तर अटलांटिकमधली शॉर्टफिन माको जहाजावर ठेवायला इकॅटने २०२२ आणि २०२३ साठी पूर्ण मनाई केली, आणि पुढचे तिथल्या माको मासेमारीत किती मरतात या हिशेबावर सोडले. म्हणून जुना माल असेल तर आजचा नियम पाहून भागत नाही. मासा पकडला त्या वर्षीचा पाहावा लागतो.

सवलतही नीट वाचावी. इकॅटने हॅमरहेड आणि सिल्कीच्या बाबतीत विकसनशील किनारी देशांना स्थानिक खाण्यापुरती मुभा दिली आहे, पण तो माल आंतरराष्ट्रीय व्यापारात जाऊ नये ही अट त्याच वाक्याला जोडून आहे. तेव्हा किनाऱ्यावर उघडपणे, कायदेशीर विकला जाणारा मासाही निर्यातीला अपात्र असू शकतो.

अर्ज कोणी, कुठे करायचा

अर्ज जहाजाचा मालक, मासेमारी कंपनी किंवा निर्यातदार करू शकतो. तो आपापल्या देशाने नेमलेल्या सायटीस व्यवस्थापन प्राधिकरणाकडे जातो. जिनिव्हातले सचिवालय परवाने देत नाही, तिकडे मेल पाठवून काही होत नाही.

कोणता कागद लागेल हे मासा कुठे पकडला आणि कुठे उतरवला यावर ठरते. देशाच्या स्वतःच्या सागरी हद्दीत, म्हणजे किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या क्षेत्रात पकडला असेल तर तो परदेशी पाठवताना साधा निर्यात परवाना. त्याबाहेरच्या, कोणाच्याच मालकीच्या नसलेल्या समुद्रात पकडून आपल्याच देशाच्या जहाजाने आपल्याच बंदरात आणला, तर ‘समुद्रातून प्रवेश’ असे प्रमाणपत्र घ्यावे लागते. माल सीमा ओलांडून कुठे गेलेलाच नाही, मग कागद कशाला, असे वाटते. पण करारात हाही व्यवहारच धरला आहे. तिसरा प्रकार: जहाज एका देशाचे आणि बंदर दुसऱ्या देशाचे. इथे जहाजावर ज्या देशाचा ध्वज आहे त्याने निर्यात परवाना द्यायचा असतो, आणि तो माल उतरवण्याआधी हातात असावा लागतो. माल बंदरात लागल्यावर परवान्याची धावपळ सुरू करणारे अडकतात, कारण मागाहून मंजुरी देणे हा अगदी अपवादाचा भाग आहे. जहाज भाड्याने घेतलेले असेल तर दोन्ही देशांत त्याबद्दल लेखी करार आहे का, हे आधी विचारून घ्या.

कागदपत्रे

देशागणिक फॉर्म बदलतो, पण मूळ मागणी सारखीच:

- मासेमारीचा परवाना, आणि संबंधित प्रादेशिक संघटनेच्या अधिकृत जहाजांच्या नोंदीत जहाजाचे नाव असल्याचा पुरावा
- लॉगबुकाची पाने: तारीख, अक्षांश-रेखांश, साधन, जातवार नग किंवा वजन, सोडून दिलेले मासेसुद्धा
- बंदरात माल उतरवल्याची नोंद. समुद्रातच माल दुसऱ्या जहाजावर चढवला असेल तर त्याचे घोषणापत्र
- परदेशी बंदर असेल तर बंदरप्रवेशाची आगाऊ सूचना. बंदरराष्ट्रांच्या उपाययोजनांचा (बेकायदा मासेमारीचा माल बंदरातच अडवण्यासाठीचा) २००९ चा करार २०१६ पासून लागू आहे, त्यात ही माहिती मागतात
- जहाजापासून निर्यातदारापर्यंतची खरेदीची बिले, मध्ये एकही दुवा न तुटता

अर्जात जातीचे शास्त्रीय नाव लिहायचे. नुसते ‘शार्कचे पर’ किंवा ‘मिश्र जाती’ असे लिहिलेला अर्ज परत येतो. मालाचा प्रकार, वजन आणि उगमाचा सांकेतिक शब्द असे वेगवेगळे रकाने असतात. देशाच्या हद्दीतल्या जंगली माशासाठी ‘डब्ल्यू’ आणि खुल्या समुद्रातल्यासाठी ‘एक्स’. हा एक्स चुकला तर सगळा अर्जच चुकीच्या वाटेने जातो.

परांच्या वजनावर अधिकाऱ्याची नजर असते. पर कापून धड समुद्रात फेकण्याचा प्रकार थांबवण्यासाठी इकॅटने २००४ मध्ये परांचे वजन शार्कच्या वजनाच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त नको, असा नियम केला. कागदावर छान, पण वजन अख्ख्या माशाचे धरायचे की साफ केलेल्या धडाचे, पर ओले की वाळलेले, यावरून हिशेब हवा तसा वाकवता येतो. माझ्या मते पर धडाला जोडूनच बंदरात आणायचा नियमच खरा नियम. युरोपीय संघाने २०१३ मध्ये तो आपल्या सगळ्या जहाजांना सक्तीचा केला. धड आणि पर एकत्र उतरवल्याची नोंद असेल तर अर्जदाराचेही निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

वैज्ञानिकांचा टप्पा

कागद पुरे झाले की प्रकरण देशाच्या वैज्ञानिक प्राधिकरणाकडे जाते. या मासेमारीने जातीला हानी होत नाही, असा निष्कर्ष त्यांनी दिल्याशिवाय परवाना निघत नाही. इथे अर्जदाराच्या हातात फारसे नसते आणि वेळही लागतो. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार खोल समुद्रातल्या शार्क आणि रे (पाकट) यांची संख्या १९७० पासून ७१ टक्क्यांनी घटली आहे, आणि त्यांच्या संख्येच्या मानाने मासेमारीचा ताण १८ पट वाढला आहे. मादीला पिल्ले थोडी आणि वयात यायला अनेक वर्षे, त्यामुळे घटलेला साठा भरून निघायला दशके जातात. एवढे समोर असताना वैज्ञानिक सहजी सही करणार नाहीत, आणि करूही नये.

तुमच्या जहाजाचे साधनही ते पाहतात. जहाजावर ठेवायला बंदी घातली तरी गळावर मेलेली शार्क जिवंत होत नाही. म्हणून डब्ल्यूसीपीएफसीने २०२४ पासून उष्ण कटिबंधातल्या मोठ्या पट्ट्यात लाँगलाइनवर गळाजवळची धातूची तार वापरायला मनाई केली. नायलॉनचा दोर शार्क चावून तोडते आणि निसटते, तार तिला तोडता येत नाही.

परवाना हातात आल्यावर

निर्यात परवाना सहा महिन्यांच्या आत वापरायचा. एका खेपेला एक परवाना. सोबत मूळ प्रत लागते, झेरॉक्स चालत नाही. निघताना प्रत्यक्ष किती माल गेला हे कस्टमकडून परवान्यावर लिहून, शिक्का मारून घ्या. हा रकाना कोरा राहिला तर पलीकडच्या बंदरात खेप थांबते. समुद्रातून प्रवेशाचे प्रमाणपत्र मात्र ठरावीक एकूण मालासाठी जास्तीत जास्त एक वर्षापर्यंतचे मिळू शकते. परिशिष्ट २ साठी आयात परवान्याची अट मूळ करारात नाही, पण काही देश स्वतःच्या कायद्याने तो मागतात, म्हणून घेणाऱ्याकडून तेवढे आधी लेखी विचारून घ्यावे.

संशोधकांनीही हे वाचावे. डीएनए तपासणीसाठी पाठवलेला मांसाचा छोटा तुकडाही यादीतल्या जातीचा असेल तर नियमात येतो. दोन्ही संस्था आपापल्या व्यवस्थापन प्राधिकरणाकडे नोंदलेल्या असतील आणि देवाणघेवाण बिगरव्यापारी असेल, तर जतन केलेले नमुने प्राधिकरणाच्या लेबलवर जाऊ शकतात, दरवेळी परवाना लागत नाही. ही नोंदणी नमुने गोळा करायला निघण्याआधी करून ठेवावी.