उणे अर्ध्या सेकंदाचं काय करायचं?

पंचवटीतल्या एखाद्या तीन मजली इमारतीच्या गच्चीवरून, म्हणजे साधारण १० मीटर उंचीवरून, चेंडू सेकंदाला १५ मीटर वेगानं सरळ वर फेकला. गुरुत्वत्वरण, म्हणजे पृथ्वीच्या ओढीनं दर सेकंदाला वेगात पडणारा फरक, हिशेबापुरतं १० धरू; सूत्रात त्याचं निम्मं, म्हणजे ५ येतं.

उंची = १० + १५ × वेळ − ५ × वेळ²

गच्ची, हाताचा जोर आणि पृथ्वीची ओढ, तिन्ही एका ओळीत आली.

चेंडू २० मीटरवर कधी असेल? दहावीतलं वर्गसमीकरणाचं सूत्र दोन उत्तरं देतं, १ आणि २ सेकंद. दोन्ही खरी: एकदा जाताना, एकदा येताना. २५ मीटरवर? वर्गमुळाखाली ऋण संख्या येते, म्हणजे कधीच नाही. दीड सेकंदाला २१.२५ मीटरवर त्याचा जोर संपतो.

जमिनीवर कधी पडेल? ३.५६ सेकंदांनी, किंवा −०.५६. इथे सगळेच 'वेळ ऋण नसते' असं लिहून दुसऱ्या उत्तरावर काट मारतात.

ही काट जुनीच. भास्कराचार्यांच्या (जन्म १११४) 'बीजगणितात' माकडांचं उदाहरण आहे. कळपाच्या पाचव्या भागातून ३ वजा करून वर्ग केला, तेवढी माकडं गुहेत गेली. उरलेलं एक झाडावर दिसलं. उत्तरं ५० आणि ५. पण ५ घेतले तर पाचवा भाग १, त्यातून ३ कसे जाणार? अशा ऋण संख्येवर लोकांचा विश्वास बसत नाही, असं म्हणून त्यांनी ५ सोडून दिले. माकडांपुरतं ते ठीकच.

चेंडूच्या −०.५६ ला मात्र अर्थ आहे. समजा, कुणी खाली रस्त्यावरून ०.५६ सेकंद आधीच चेंडू २०.६ च्या वेगानं वर मारला. शून्य सेकंदाला तो गच्चीपाशी बरोबर १५ च्या वेगानं पोचेल आणि पुढचा प्रवास तंतोतंत तोच करील. हात गच्चीवर होता की रस्त्यावर, समीकरणाला त्याचा पत्ताच नसतो! आणि खाली आदळतानाही वेग २०.६ च भरतो. मला तरी हे उत्तर पहिल्यापेक्षा जास्त आवडतं.

चेंडू तिरका फेकला तरी उंचीचा हिशेब हाच, फक्त वेगाचा उभा भाग घ्यायचा. आडवी आणि उभी गती वेगळी काढून, वाट अन्वस्त (पॅराबोला) असते हे गॅलिलिओनं १६३८ च्या ग्रंथात मांडलं.

देवळालीच्या तोफखान्यात मात्र एवढ्यावर भागत नाही. सेकंदाला ८०० मीटर वेगानं ४५ अंशांत सुटलेला गोळा हवा नसती तर ६५ किलोमीटर गेला असता. १५५ मिलिमीटर तोफेचा साधा गोळा प्रत्यक्षात त्याच्या निम्माही जात नाही. हवेचा अडथळा वेगाबरोबर वाढतो, उंचीबरोबर घटतो. मग सूत्र बाजूला ठेवून गोळ्याची वाट क्षणाक्षणानं मोजत न्यावी लागते.