फेअर ट्रेडचा शिक्का हवाय? आधी मजुरीची वही काढा

वांद्र्याचं महालक्ष्मी सरस असो की काळा घोड्याचा स्टॉल, हल्ली एखादं तरी गिऱ्हाईक पिशवी उलटसुलट करून विचारतंच, "हे फेअर ट्रेड आहे का?", म्हणजे करणाऱ्याला रास्त मोबदला मिळालाय का. परदेशी खरेदीदार तर पहिल्याच मेलमध्ये विचारतो. बायका हाताने करतात आणि आम्ही त्यांना बरे पैसे देतो, एवढ्यावर 'हो' म्हणून चालत नाही. मुंबईतल्या एखाद्या गटाला रीतसर अर्ज करायचा असेल तर काय काय लागतं ते सांगते. आमच्या गटाची फाईल मीच सांभाळते, त्यामुळे कुठे अडायला होतं ते ठाऊक आहे.

पहिला घोळ नावाचा. चहाच्या पाकिटावर, कॉफीच्या डब्यावर दिसतो तो फेअरट्रेड इंटरनॅशनलचा शिक्का, मुख्यतः शेतमालाचा. गोधडी, वारली चित्र, मण्यांची माळ घेऊन तिथे जाऊ नका. हस्तकलेचा रस्ता वर्ल्ड फेअर ट्रेड ऑर्गनायझेशनकडे जातो. ही संस्था एकेका वस्तूची परीक्षा घेत नाही, वस्तू विकणारी अख्खी संस्था तपासते. म्हणून घरी एकटी भरतकाम करणाऱ्या ताईने स्वतःच्या नावाने अर्ज करण्यात अर्थ नाही. तिने गटातून यावं. आपल्याकडे मार्गदर्शनाला फेअर ट्रेड फोरम इंडिया आहे. अंधेरीत १९८४ साली सिस्टर इसाबेल मार्टिन यांनी वस्तीतल्या बायकांना घेऊन क्रिएटिव्ह हँडिक्राफ्ट्स सुरू केलं. अर्ज भरण्याआधी असं एखादं जुनं काम बघून घ्या.

अर्ज कोण करू शकतं? नोंदणी झालेली कुठलीही संस्था: सहकारी संस्था, ट्रस्ट, उत्पादक कंपनी किंवा साधी खासगी कंपनीसुद्धा. पण ती विक्रीवर चालणारी हवी. देणग्यांवर उभी असलेली आणि वर्षातून एकदा दिवाळीत कंदील विकणारी संस्था यात बसत नाही. बचत गट असाल तर आधी कायदेशीर नोंदणी करून घ्या. नुसत्या बँक खात्यावर भागत नाही.

कागद तसे नेहमीचेच: नोंदणी प्रमाणपत्र, घटना किंवा नियमावली, पॅन, लेखापरीक्षित ताळेबंद, कारागिरांची यादी, कोणाकडून काय घेता आणि कोणाला विकता याचा तपशील. उद्यम नोंदणी फुकट होते, तीही करून ठेवा. कारागिरांची पहचान कार्डं केंद्राच्या हस्तशिल्प विकास आयुक्तालयाकडून मिळतात. त्यासाठी आधार, फोटो, बँक पासबुक, मोबाईल नंबर आणि कला येत असल्याची खात्री लागते. फेअर ट्रेडच्या अर्जाला हे कार्ड सक्तीचं नाही, पण कारागीर खरोखर कोण आहेत हे त्यावरून चटकन दाखवता येतं.

खरी परीक्षा मजुरीची. वर्ल्ड फेअर ट्रेड ऑर्गनायझेशनच्या दहा तत्त्वांपैकी बाकीची बरीचशी बोलून पटवता येतात, ही नाही. आपल्याकडे नगावर पैसे देतात आणि नगाचा दर बहुधा "पूर्वीपासून एवढाच आहे". तपासणाऱ्याला तो दर आला कुठून हे दाखवावं लागतं. तेव्हा घड्याळ लावून बसा. समजा, एका कुशन कव्हरला ३ तास २० मिनिटं लागली आणि तुम्ही आठ तासांची मजुरी ४८० रुपये धरली. तासाचे ६० झाले, म्हणजे नगाचे २०० हवेत. हे आकडे फक्त हिशेब समजावा म्हणून घेतले. प्रत्यक्षात तुमच्या उद्योगाचं आणि परिमंडळाचं (वेतनासाठी ठरवलेल्या भागाचं) किमान वेतन बघा. त्यातला विशेष भत्ता वर्षातून दोनदा बदलतो, म्हणून जानेवारीत आणि जुलैत दर पुन्हा तपासायचा. वेळ मोजताना सगळ्यात चपळ ताईला बसवू नका, मधल्या हाताची निवडा. आमच्याकडे पहिल्यांदा नेमकी चपळ ताईच बसली आणि तिच्या वेगावर ठरलेला दर बाकीच्या बायकांनी वर्षभर सोसला. चूक माझीच होती. उसवून पुन्हा घालावा लागणारा टाका आणि माल आणण्या-नेण्याचा वेळही धरा.

पैसे रोख देत असाल तर प्रत्येक व्हाउचरवर सही किंवा अंगठा घ्या. खात्यात भरत असाल तर उत्तमच.

दुसरा मुद्दा बयाण्याचा. कारागिराने मागितलं तर हस्तकलेच्या ऑर्डरीवर किमान ५० टक्के रक्कम आगाऊ आणि बिनव्याजी द्यायची असते. ही अट तुम्ही कारागिराकडून माल घेणारे म्हणून पाळायची आणि तुमच्या परदेशी फेअर ट्रेड खरेदीदाराकडूनही मागायची. मागायला लाजू नका. ही मेहेरबानी नव्हे, त्यांच्याही नियमात आहे.

लहान मुलांबद्दल गडबडून खोटं लिहू नका. आईशेजारी बसून पोर टाका शिकतं हे तपासणाऱ्यांनाही ठाऊक आहे. परंपरेची कला शिकताना मुलं हात लावत असतील तर ते उघड सांगावं आणि त्यावर लक्ष ठेवावं, असा नियम आहे. शाळा, खेळ, तब्येत यांच्या आड ते येता कामा नये. बालकामगारबंदीचा आपला कायदा वेगळा, तो पाळायचाच. आणि नोकरीवर दहा किंवा जास्त माणसं असतील तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती आहे का, हेही विचारलं जाईल.

अर्ज गेला की आपणच आपलं मूल्यमापन लिहून द्यायचं. ते इंग्रजीत असतं, म्हणून गटातल्या कॉलेजला जाणाऱ्या मुलीला बसवा, पण उत्तरं तिच्या मनाने लिहू देऊ नका. मग लेखापरीक्षक प्रत्यक्ष येतो, वह्या बघतो आणि बायकांशी स्वतंत्र बोलतो. शुल्क उलाढालीवर ठरतं. मंजुरी येईपर्यंत लेबल छापून घेऊ नका.

माल बाहेर पाठवायचा तर आयात-निर्यात कोड लागतो, तोही वेगळा. परकीय व्यापार महासंचालनालयाच्या पोर्टलवर पॅन, पत्त्याचा पुरावा आणि रद्द केलेला चेक देऊन ५०० रुपयांत मिळतो. एप्रिल ते जून या काळात दरवर्षी तो ऑनलाइन अद्ययावत करायचा, काहीही बदललं नसलं तरी. नाहीतर कोड बंद पडतो, आणि ते कळतं खोकी बांधून झाल्यावर.