ताप उतरला, थकवा का उतरत नाही?

विषाणूजन्य आजारातून उठल्यावर दोन-चार आठवडे गळून गेल्यासारखं वाटणं स्वाभाविक आहे. बहुतेकांची ताकद हळूहळू परत येते, आणि 'जरा हालचाल वाढवा' हा सल्ला त्यांना मानवतो. काहींचं दुखणं मात्र याच सल्ल्याने बळावतं.

ते ओळखण्याची खूण दुसऱ्या दिवशी सापडते. श्रम झाले की लगेच दम लागतो, तो कोणालाही लागतो. इथे फटका बहुधा 12 ते 48 तासांनी बसतो: अंग ठणकतं, घसा खवखवतो, साधे शब्द आठवत नाहीत, रात्रभर झोपूनही तरतरी येत नाही. श्रम म्हणजे व्यायामच असंही नाही; तासभर लक्ष देऊन केलेलं वाचन पुरतं. मधे एक-दोन दिवस गेलेले असतात, म्हणून कारण हाती लागत नाही. बरं वाटलं की माणूस साठलेली सगळी कामं उरकतो आणि पुन्हा अंथरूण धरतो.

हा मनाचा कमकुवतपणा नव्हे. ऑस्ट्रेलियातल्या डब्बो भागात तीन वेगवेगळ्या संसर्गांच्या 253 रुग्णांचा पाठपुरावा झाला. तो 2006 साली प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनंतरही सुमारे 12 टक्के लोक आजारीच होते. कोणाचा त्रास लांबेल हे मूळ आजाराच्या तीव्रतेवरून कळत होतं, स्वभावावरून किंवा आधीच्या मानसिक त्रासावरून नाही.

आधी इतर कारणं तपासून घ्यावीत: हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइड, बी-12, साखर, मूत्रपिंड आणि यकृत. छातीत दुखणं, बसल्या जागी धाप, शुद्ध हरपणं यांत तर वाट पाहूच नये. उभं राहिलं की घेरी येत असेल, तर पाच मिनिटं आडवं पडून नाडी मोजा. मग भिंतीला टेकून दहा मिनिटं उभे राहा आणि दर मिनिटाला मोजा. सोबत कोणी असू द्या, चक्कर आल्यास लगेच बसा. ठोके आडवं असतानापेक्षा मिनिटाला 30 किंवा त्याहून जास्त वाढून तसेच टिकले, तर ती नोंद डॉक्टरांना दाखवा. हृदयाचे ठोके, रक्तदाब आपोआप सांभाळणाऱ्या स्वायत्त मज्जासंस्थेतल्या बिघाडाची ती खूण असू शकते.

मग दोन आठवडे वही ठेवा: काय केलं, किती वेळ, आणि पुढच्या दोन दिवसांत काय झालं. ज्या मर्यादेत फटका बसत नाही, त्याच्याही थोडं अलीकडे थांबायचं. वीस मिनिटं झेपत असतील तर पंधराच, आणि विश्रांती थकण्याआधी. चांगल्या दिवशीही तेवढंच. सर्वांत अवघड हेच जातं. आंघोळ, स्वयंपाक बसून करता आला तर तसा करावा. उलट टोकाला जाऊन दिवसभर लोळत राहिलं तर स्नायू झिजतात आणि उभं राहणं आणखी जड जातं.

ठराविक वेळापत्रकाने व्यायाम वाढवत नेण्याचा उपाय दीर्घ थकव्याच्या आजारासाठी ब्रिटनच्या 2021 च्या मार्गदर्शक सूचनांनी बाद केला. वाढ करायची ती प्रकृती काही आठवडे स्थिर राहिल्यावरच, एका वेळी एकाच गोष्टीत, आणि पुढचे दोन दिवस पाहून. त्रास उमटला तर मागच्या पायरीवर यायचं.