पी-ग्लायकोप्रोटीन

पी-ग्लायकोप्रोटीन : पेशीत शिरू पाहणारे औषध पेशीपटलातच धरून एटीपी या पेशीतील ऊर्जावाहक रेणूच्या ऊर्जेवर परत बाहेर लोटणारे वाहक प्रथिन. आतड्याचे अस्तर, यकृतातील सूक्ष्म पित्तनलिका, मूत्रपिंडातील नलिका, वार आणि मेंदूतील केशवाहिन्या यांच्या पेशींवर ते आढळते. माणसात ते सातव्या गुणसूत्रावरील एबीसीबी१ या जनुकापासून तयार होते. जुन्या लेखनात याच जनुकाचे नाव एमडीआर१ असे येते.

नाव व शोध : ‘पी’ म्हणजे प्रोटीन असा समज सहज होतो, पण तो बरोबर नाही. हे अक्षर पारगम्यता या अर्थाच्या ‘पर्मिअ‍ॅबिलिटी’ या शब्दाचे आहे. टोरोंटो येथील आर. एल. जुलियानो व व्हिक्टर लिंग यांनी १९७६ मध्ये चिनी हॅमस्टरच्या अंडाशयातील पेशींवर काम करताना हे नाव दिले. कॉल्चिसिन या पेशीविभाजन रोखणाऱ्या औषधाला दाद न देणाऱ्या पेशींच्या पृष्ठभागावर सुमारे १,७०,००० डाल्टन वजनाचे एक शर्करायुक्त प्रथिन त्यांना भरपूर प्रमाणात दिसले. या प्रथिनामुळे पटल घट्ट होते व औषध आत शिरतच नाही, असा त्यांचा तर्क होता आणि नावात तोच उतरला.

तर्क मात्र पुढे टिकला नाही. त्याआधी तीन वर्षे, १९७३ मध्ये, डेन्मार्कमधील केल्ड डानो यांनी उंदरांच्या एर्लिख अर्बुदातील प्रतिरोधी (औषधाला दाद न देणाऱ्या) पेशींवर प्रयोग केले होते. पेशींची ऊर्जा तोडली की डॉनोमायसिन हे कर्करोगविरोधी औषध त्यांच्यात साठत जाई आणि ग्लुकोज मिळताच ते झपाट्याने बाहेर पडे. म्हणजे औषध आत येत होते, पण पेशी ते उपसून टाकत होती. डानो यांच्याजवळ पंपाचा पुरावा होता पण प्रथिन नव्हते. टोरोंटोत प्रथिन होते पण पंपाची कल्पना नव्हती. १९८६ मध्ये जनुकाचा क्रम उलगडल्यावर त्यात एटीपी बांधणाऱ्या दोन जागा आढळल्या आणि हे दोन धागे जुळले. बहुतेक पाठ्यपुस्तके शोधाचे वर्ष १९७६ देतात. नावापुरते ते योग्यच आहे, परंतु कार्याच्या शोधाचा मान डानो यांच्याकडे जातो असे मानणे अधिक रास्त वाटते.

रचना व कार्यपद्धती : सुमारे १,२८० अ‍ॅमिनो अम्लांची ही साखळी पटलातून बारा वेळा आरपार जाते. औषध नेमके कोठून उचलले जाते याविषयी दीर्घकाळ मतभेद होते. पाण्याने भरलेल्या बोगद्यातून ते बाहेर जाते, असे सुरुवातीला मानले जाई. दुसऱ्या मताप्रमाणे पटलाच्या मेदथरात विरघळलेले औषध हे प्रथिन तिथूनच ओढून घेते. तिसरे मत असे की, ते औषधाला आतल्या मेदथरातून बाहेरच्या थरात नुसते पलटी मारून देते. २००९ मध्ये उंदराच्या प्रथिनाची त्रिमितीय रचना प्रसिद्ध झाली. तिच्यातील मोठी पोकळी पेशीच्या आतल्या बाजूला आणि आतल्या मेदथराकडे उघडते असे दिसले, त्यामुळे पहिले मत मागे पडले. उरलेल्या दोहोंत निर्णायक निवाडा झालेला नाही. एका फेरीला एक एटीपी खर्च होतो की दोन, यावरही एकमत नाही. ही पोकळी ऐसपैस असल्यामुळेच डिगॉक्सिन (हृदयविकारावरील), व्हिन्ब्लास्टिन (कर्करोगविरोधी), लोपेरामाइड (जुलाबावरील) व सायक्लोस्पोरिन (प्रतिकारशक्ती दाबणारे) ही एकमेकांशी साम्य नसलेली औषधे एकाच पंपाच्या कक्षेत येतात, असे स्पष्टीकरण दिले जाते.

मेंदूच्या सीमेवरील कार्य : हा पंप औषधांना मेंदूबाहेर ठेवतो, याचा सर्वांत ठसठशीत पुरावा एका अपघाताने हाती आला. नेदरलँड्समधील आल्फ्रेड शिंकेल व सहकाऱ्यांनी हे जनुक (उंदरातील एमडीआर१ए) काढून टाकलेले उंदीर वाढवले होते. दिसायला ते अगदी निरोगी होते. पुढे त्यांच्यात गोचिडवर्गीय परजीवींचा उपद्रव झाला, म्हणून नेहमीच्या पद्धतीने आयव्हरमेक्टिन हे परजीवीनाशक फवारले गेले. साधे उंदीर ठणठणीत राहिले. जनुक नसलेले जवळपास सगळे मेले. तपासणीत त्यांच्या मेंदूत साध्या उंदरांच्या ८७ पट आयव्हरमेक्टिन सापडले. १९९४ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कोली जातीच्या कुत्र्यांना याच औषधाची बाधा का होते, हेही पुढे उलगडले : त्यांच्यातील अनेकांच्या या जनुकात डीएनएचे चार आधारक (बेस) गळालेले असतात.

जुलाबावर सर्रास दिले जाणारे लोपेरामाइड हे मुळात अफूवर्गीय औषध आहे. या पंपामुळे ते मेंदूत टिकू शकत नाही, म्हणूनच दुकानातून निर्धास्तपणे मिळते. निरोगी स्वयंसेवकांना १६ मिग्रॅ. लोपेरामाइडबरोबर या पंपाचा रोधक असलेले क्विनिडीन दिले, तेव्हा त्यांचा श्वसनाचा प्रतिसाद मंदावला, म्हणजे औषध मेंदूपर्यंत पोचले. ही गोष्ट प्रत्येक औषधविक्रेत्याला माहीत असावी.

आतड्यातील कार्य : रिफॅम्पिसिन घेणाऱ्या क्षयरुग्णात डिगॉक्सिनचा गुण कमी का पडतो, याचे उत्तर आतड्यात मिळाले. जर्मनीतील आठ निरोगी व्यक्तींना रिफॅम्पिसिन दिल्यावर त्यांच्या आतड्यातील पी-ग्लायकोप्रोटीन सरासरी साडेतीन पट झाले. तोंडावाटे दिलेल्या डिगॉक्सिनची रक्तातील एकूण मात्रा घटली. शिरेतून दिलेल्यात मात्र फरक बराच कमी होता. याउलट क्विनिडीन, व्हेरापामिल किंवा क्लॅरिथ्रोमायसिन सोबत असल्यास डिगॉक्सिन साचते व विषबाधेचा धोका असतो.

मिरी व पिंपळीतील पायपरीन हे या पंपाचे रोधक असल्याचे पेशीसंवर्धनातील प्रयोगांत २००२ मध्ये दाखवले गेले. सुंठ, मिरी व पिंपळी मिळून होणारे त्रिकटू इतर औषधांचे शोषण वाढवते, हा मुद्दा सी. के. अटल व सहकाऱ्यांनी जम्मूच्या प्रयोगशाळेतून त्याच्या सुमारे वीस वर्षे आधी मांडला होता. पायपरीन यकृतातील सीवायपी३ए४ हे औषधांचे विघटन करणारे विकरही रोखते. त्यामुळे परिणामाचे सगळे श्रेय पंपाला देणे घाईचे ठरेल.

इतर वाहक : सगळे वाहक औषधाला बाहेरच काढतात असे नाही. सेफॅलेक्सिन हे प्रतिजैविक आतड्यातील पेप्ट१ या पेप्टाइड-वाहकावरून आत येते. कंपवातावरील लेव्होडोपा मेंदूत शिरते ते अ‍ॅमिनो अम्लांच्या वाहकावरून. म्हणून प्रथिनयुक्त जेवणाबरोबर घेतल्यास कंपवाताच्या रुग्णाला त्याचा गुण उशिरा वा कमी येतो. प्रोबेनेसिड हे औषध मूत्रपिंडातील वाहक अडवून पेनिसिलीन रक्तात टिकवून धरते.

कर्करोगातील प्रतिरोध : १९८१ मध्ये ताकाशी त्सुरुओ यांनी व्हेरापामिलच्या साहाय्याने व्हिन्क्रिस्टिन या कर्करोगविरोधी औषधाला होणारा कर्कपेशींचा प्रतिरोध मोडून दाखवला, तेव्हा मोठ्या आशा निर्माण झाल्या. व्हालस्पोडार व टॅरिक्विडार या पंपाच्या खास रोधकांच्या रुग्णांवरील चाचण्या मात्र अपेक्षेप्रमाणे यशस्वी झाल्या नाहीत. व्हालस्पोडारमुळे कर्करोगविरोधी औषधाचे शरीरातून निघून जाणेही मंदावत असे, त्यामुळे त्या औषधाची मात्राच घटवावी लागे.