सोळा आण्यांची जमीन : हेन्री गोल्डस्मिड आणि इंदापूरची पाहणी

सातबाऱ्यावर जमिनीचे क्षेत्र (पूर्वी एकर-गुंठ्यांत) आणि आकार, म्हणजे शेतसारा, लिहिलेला असतो. त्या पद्धतीचे मूळ १८३५ च्या इंदापुरात आहे.

हेन्री एडवर्ड गोल्डस्मिड १८३२ मध्ये कंपनीच्या मुलकी नोकरीत मुंबईला आले. तीन वर्षांनी ते इंदापूरला पोचले तेव्हा तालुका ओस पडत चालला होता. त्याआधीची आकारणी रॉबर्ट कीथ प्रिंगल यांची. एकूण उत्पन्नातून बी, बैल, मजुरी वजा करायची आणि उरेल त्याचे ५५ टक्के सरकारने घ्यायचे. हिशेब कागदावर चोख होता, पण खर्चाचे आकडे अंदाजाचे, मोजणीत चुका, कारकुनांची लाचखोरी, आणि त्यात धान्याचे भाव कोसळलेले. शेतकऱ्यांनी जमिनी सोडल्या. सरकारला सूट देत बसावे लागले.

गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट जॉर्ज विनगेट यांनी निव्वळ उत्पन्न शोधण्याचा नादच सोडला. त्यांचे खरे कर्तृत्व हेच. मागच्या वर्षांत प्रत्यक्ष किती सारा वसूल झाला ते पाहून त्यांनी दर ठरवले आणि सारा जमिनीच्या प्रतीप्रमाणे शेतांवर बसवला.

मोजणी ३३ फुटी साखळीने. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे गुंठा. असे ४० गुंठे म्हणजे एकर. मग शेताचे चौकोन पाडून प्रत्येकात माती किती खोल आहे ते खणून पाहायचे. पावणेदोन हात खोल, उत्तम काळी माती सोळा आण्यांची. खोली पाव हाताने घटली की प्रत चौदा आणे, मग बारा. तळाचा नववा वर्ग दोन आण्यांचा. चुनखडी, वाळू, उतार, पाण्याचा अतिरेक असा दोष निघाला की प्रत आणखी एक वर्ग खाली. आकार ३० वर्षांसाठी कायम; शेतकऱ्याने स्वखर्चाने विहीर खणली तरी मुदतीत वाढ नाही. १८४७ च्या संयुक्त अहवालाने हे नियम पक्के केले.

गोल्डस्मिड जानेवारी १८५५ मध्ये कैरोत वारले. पाहणी सुरू झाली त्या भागात, डिकसळला, त्यांच्या नावाची धर्मशाळा वर्गणीतून बांधली गेली; १८६५ मध्ये गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांनी ती उघडली.

पद्धतीतली उणीव मात्र राहिलीच. सारा रोख आणि ठरलेला, पाऊस मात्र बेभरवशाचा. शिवाय जमीन आता गहाण ठेवता येत होती. सावकाराच्या वाढत्या पकडीबद्दल विनगेट यांनी १८५२ मध्येच सरकारला बजावले होते. पुढे मुदत संपताच, कापसाच्या तेजीतले चढे भाव धरून इंदापूरचा सारा बराच वाढवला गेला. भाव उतरले, कर्ज उरले, आणि मे १८७५ मध्ये शेजारच्या सुप्यात सावकारांच्या वह्या आणि खतपत्रे जळाली.