वीज गेली की गच्चीवरचं सोलर बंद का पडतं?

सोसायटीच्या गच्चीवर २० किलोवॉटचे पॅनल आहेत, रणरणतं ऊन आहे, आणि फीडर, म्हणजे भागाला वीज पुरवणारी लाइन, बंद पडताच लिफ्ट मध्येच अडकते. मग एवढा खर्च कशाला केला, हा सभासदांचा प्रश्न रास्तच आहे.

साधा सोलर इन्व्हर्टर ग्रिडने (बाहेरच्या वीज-जाळ्याने) धरलेल्या २३० व्होल्ट, ५० हर्ट्झच्या ठेक्यावर करंट सोडतो. स्वतः ठेका धरणं त्याला जमत नाही. शिवाय थांबणं बंधनकारकही आहे. तो चालू राहिला तर वीज उलटी डीपीत शिरेल आणि तिथला ट्रान्सफॉर्मर तिचे ११ हजार व्होल्ट करून लाइनवर चढवेल. लाइन बंद आहे असं समजून खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतेल. म्हणून इन्व्हर्टर अधूनमधून फ्रिक्वेन्सीला हलकेच ढकलून पाहतो. पाठीशी ग्रिड असेल तर ती जागची हलत नाही; नसेल तर भरकटते, आणि दोनेक सेकंदांत इन्व्हर्टर बंद होतो.

मायक्रोग्रिडमध्ये, म्हणजे ग्रिड गेल्यावरही स्वतःपुरती चालणाऱ्या इमारतीच्या वीजव्यवस्थेत, हा ठेका बॅटरीवरचा वेगळ्या जातीचा इन्व्हर्टर धरतो. वीज गेली की आधी मीटरजवळचा कॉन्टॅक्टर (आपोआप चालणारा मोठा स्विच) इमारतीला ग्रिडपासून तोडतो, मग हा इन्व्हर्टर व्होल्टेज उभं करतो आणि ते पाहून सोलर इन्व्हर्टर पुन्हा जागे होतात. बॅटरी भरली आणि ऊन ओसरलं नाही, तर बॅटरीचा इन्व्हर्टर फ्रिक्वेन्सी ५१ हर्ट्झच्या वर नेतो. तो इशारा समजून सोलर आपलं उत्पादन घटवतं. वेगळी वायर नको, इंटरनेट नको. ग्रिड परतल्यावर किमान मिनिटभर थांबून, दोन्हीकडचं व्होल्टेज, फ्रिक्वेन्सी आणि फेज जुळल्यावरच कॉन्टॅक्टर लागतो.

कोटेशनमध्ये बॅटरी किती तास चालेल ते ठळक छापलेलं असतं. घोळ मात्र दुसरीकडेच होतो.

५ एचपीचा थ्री-फेज पंप चालताना साडेसात अँपिअरच्या आसपास घेतो, पण थेट सुरू केला तर क्षणभर त्याच्या सहापट, म्हणजे ४५ अँपिअर. १० केव्हीएचा इन्व्हर्टर दर फेजला १४ अँपिअरचा. काही सेकंद दीडपट ताणला तरी २१. पंप फिरण्याआधीच सगळी इमारत अंधारात. पंपाला व्हीएफडी (मोटर हळूहळू वेगात आणणारं उपकरण) लावली की हा प्रश्न सुटतो.

शॉर्ट सर्किटचं दुखणं याच्या उलट. ३२ अँपिअरची सी-टाइप एमसीबी (जादा करंटला आपोआप पडणारा स्विच) तत्काळ पडायला १६० ते ३२० अँपिअर लागतात. डीपी ते सहज देते, इन्व्हर्टर कुठून देणार? एमसीबी जागची हलत नाही, इन्व्हर्टरच बंद होतो, आणि बिघाड कुठल्या मजल्यावर आहे ते कळत नाही. अत्यावश्यक लोडसाठी वेगळा डीबी (एमसीबींची पेटी) आणि त्यात कमी रेटिंगच्या, सी-टाइपपेक्षा कमी करंटला तत्काळ पडणाऱ्या बी-टाइप एमसीबी असाव्यात, त्या यासाठी.

सर्वांत धोकादायक चूक न्यूट्रलची. फोर-पोल कॉन्टॅक्टर तीन फेजबरोबर ग्रिडचा न्यूट्रलही तोडतो. त्याच क्षणी रिलेने इमारतीचा न्यूट्रल अर्थिंगला जोडला नाही, तर गळतीच्या करंटला परतीची वाट उरत नाही आणि आरसीसीबी (गळती होताच वीज तोडून शॉकपासून वाचवणारा स्विच) पडत नाही. तिचं टेस्ट बटण दाबून ही चूक सापडणार नाही, कारण ते बटण आतल्या आत फेज आणि न्यूट्रलच जोडतं, अर्थिंगशी त्याचा संबंध नसतो. मेन स्विच बंद करून, बॅटरीवर चालताना, आरसीसीबी तपासायचा टेस्टर (पेचकसासारखा साधा टेस्टर नव्हे) फेज आणि अर्थिंगमध्ये लावूनच आरसीसीबी तपासून घ्यावी. शेवटचा हप्ता त्यानंतर द्यावा.